अंगठ्याएवढी

मास्तर-बाई मंडळींनो, आज माझ्या हातून एक चूक झाली. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिसरीच्या पोरांना लांबचं लहान का दिसतं ते शिकवत होते. फळ्यावर काढून समजेना, म्हणून सगळ्यांना शाळेबाहेर उसातल्या सरळ रस्त्यावर नेलं.

म्हटलं, "एक डोळा मिटा, अंगठा पुढं धरा. मी चालत जाते. अंगठ्याएवढी झाले की ओरडा."

निघाले. मागं पोरं खिदळत होती, "बाई बारक्या झाल्या!"

तेवढ्यात किंकाळी आली. आरोही रडत माझ्यामागं पळत आली नि तिनं माझा हात गच्च धरला.

"बाई, म्हागारी चला. आमचं पप्पा बी हितनंच असं बारीक झालं हुतं."

तिचे पप्पा फौजी. सुट्टी संपवून ह्याच रस्त्यानं गेले, ते जिवंत परत आलेच नाहीत. मला हे माहीत होतं. शिकवायच्या नादात आठवलंच नाही.

शाळा सुटल्यावर त्याच रस्त्यानं घरी निघाले. थोडं चालून वळून पाहिलं. फाटकात आरोही एकटीच उभी होती, एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून.

तुम्ही असता, तर पुढचं पाऊल टाकलं असतं का?