डीएनएतली चूक आणि माझं गप्प बसणं

मंडळी, आज कोथरूडला आमच्या नातीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा आयटीतला, नात पीएच.डी. करतेय.

मुलाच्या वडिलांनी विषय विचारला. ती म्हणाली, "डीएनएमध्ये कधीकधी युरॅसिल हे चुकीचं अक्षर येतं. एक एन्झाइम ते शोधून कापतं, मग तिथे योग्य अक्षर बसतं. नाहीतर चूक पुढच्या पेशींत जाते."

मी सातवी शिकलेली, पण तिच्या वह्या वाचून मला हे सगळं पाठ आहे.

"छान! म्हणजे लग्नानंतर सोडता येण्यासारखं आहे," ते म्हणाले.

आणि मी काय म्हटलं? "पोहे घ्या ना अजून."

ते गेल्यावर नात एवढंच म्हणाली, "आजी, तू तरी बोलायचंस."

आत्ताच त्यांचा फोन आला, मुलगी पसंत आहे म्हणून. घरात सगळे खूश आहेत. नको म्हणायला माझं तोंड उघडेल का? तुमचं उघडलं असतं?