तलावाच्या कामावरचं बोलावणं

दुष्काळाच्या त्या वर्षी मला प्रार्थना करता येईनाशी झाली होती. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, आणि पुढे शब्दच सुचायचा नाही. नेवाशाच्या पूर्वेला, कोरडवाहू भागातल्या एका लहान गावात मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत शिकवत असे. एकच खोली होती. रविवारी त्याच खोलीत उपासना व्हायची. पाऊस गेला, माणसं पोराबाळांसकट गाव सोडून बाहेर पडली आणि शाळा बंद झाली. माझे यजमान छातीच्या दुखण्याने नगरच्या दवाखान्यात पडून होते. घरात मी आणि माझे म्हातारे वडील. देवानेच मला शिकवलं, काम दिलं आणि मग हात रिकामे करून बसवलं, ते कशासाठी, हे काही केल्या उमगत नव्हतं.

गावापासून दीड कोसावर सरकारने पाझर तलावाचं काम काढलं होतं. गावात उरलेली सगळी माणसं तिकडे जात. मीही जाते म्हटल्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यांचा राग मला कळत होता. त्यांच्या तरुणपणी आमच्या घराकडे गावकीची वेठ होती. कुणी साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत धावायचं, मेलेली ढोरं ओढायची, आणि बदल्यात दारोदार भाकरी मागायची. पुढे ते प्रभूच्या मंडळीत आले, मोठेपणी अक्षरं शिकले, आणि मला पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. संध्याकाळी शास्त्र वाचताना देवाच्या बागेतल्या पहिल्या माणसाला, आदामाला, मिळालेल्या शापापाशी ते हमखास थांबत. म्हणत, "घाम गाळून खानं हा शाप हाय, पोरी. माझ्या मागं तुझ्या डोक्यावर पाटी न्हाई यायची."

"बाबा, घरात दाणा नाही," मी म्हटलं.

"मग उपाशी ऱ्हाऊ."

मी तरीही गेले. पण तिथे गेल्यावर कळलं की माझं नाव हजेरीत नाही. मुकादम म्हणाला, जागा भरल्यात, उद्या बघू. बायका मातीच्या पाट्या उचलून खाली उतरल्या. मी तिथेच एका बाभळीपाशी उभी राहिले. घरी जाऊन बाबांना काय सांगणार होते? ऊन चढलं, उतरायला लागलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात इतकं बिनकामाचं मला कधी वाटलं नव्हतं.

दिवस कलल्यावर एक वयस्क गृहस्थ बंधाऱ्यावरून चालत आले. डोक्याला पांढरी टोपी, हातात मापाची टेप. माझ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "बाई, दिवसभर हितं का उभ्या ऱ्हायलात?"

"कुणी कामावर लावलं नाही म्हणून," मी म्हणाले.

बोलले मात्र, आणि अंगावर काटा आला. प्रभूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनी हेच विचारतो आणि बाजारात उभी असलेली माणसं हेच उत्तर देतात. मी तो दाखला मुलांना कितीदा तरी शिकवला होता. पण आळसाने नव्हे, कुणी बोलावलं नाही म्हणून ती माणसं तिथे उभी होती, आणि धन्याला त्यांच्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा बाजारात यावंसं वाटलं, हे मला त्या बाभळीखाली कळलं. ते गृहस्थ मुकादमाला एवढंच म्हणाले, "ह्यांना घ्या." आणि निघून गेले. ते कुठल्या कचेरीतले होते कोण जाणे. पुढे मला कधी दिसले नाहीत.

गयाबाई नावाची एक शेतकरीण माझी जोडीदारीण झाली. तिची जमीन माळाची, नवरा ऊसतोडीला बेलापूरकडे गेलेला. पहिले काही दिवस माझी मान धरली, हाताला फोड आले. "बाईंचं हात खडूचं हायेत, येतील वळनावर," असं म्हणून ती माझी पाटी निम्मीच भरायची. कामावर मजुरांना खायला सुकडी, म्हणजे गोड भाजकं पीठ, मिळायची, ती मी पदरात बांधून घरी न्यायचे. बाबा तिला हात लावत नसत. पेरणीसाठी बियाणं म्हणून राखलेले थोडे हुलगे होते, ते भिजवून खात. माझ्याशी बोलतही नसत. रात्री त्यांची कूस बदलण्याची चाहूल लागे आणि मला वाटे, आपण पोट भरतोय आणि बाप गमावतोय.

एके सकाळी हजेरी चालू असताना मागे वळून पाहिलं, तर काठी टेकत बाबा आलेले. मला परत न्यायलाच आले होते. मी खाली मान घातली. तेवढ्यात कारकुनाने माझं नाव पुकारलं. माझं, यजमानांचं, मग आडनाव. मी "हजर" म्हणाले. पाठोपाठ गयाबाईचं नाव, मग इतरांची.

बाबा बराच वेळ ऐकत उभे होते. मग गयाबाईला त्यांनी विचारलं, "ह्यो समद्यास्नी नावानं हाका मारतो व्हय?"

"व्हय की, बाबा. नाव न्हाई पुकारलं तर काम कसं मिळंल?"

"आमाला कुनी नावानं हाक मारली न्हाई कदी," ते म्हणाले. "ए, म्हनायचे. निस्तं, ए."

मी पाटी भरून वाकले होते. बाबांनी काठी जमिनीवर ठेवली, पाटीच्या दुसऱ्या बाजूला हात लावला आणि ती माझ्या डोक्यावर चढवली. पदर डोळ्यांवर ओढून मी चालायला लागले.

दुपारी ते आमच्यात जेवायला बसले. सुकडी हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने आभार मानले. म्हणाले, "देवबापा, शाप पडायच्या आदी तूच मान्साला बागंत कामाला लावलं हुतंस. मी म्हातारा इसरलो." कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून आमेन निघालं. गयाबाईने हातातला घास तसाच धरून ठेवला होता.

"काय म्हनलात ओ, बाबा?"

"काम दिलं म्हनून देवाचं आभार मानलं."

"मंग माझ्या बी नावानं माना की. आमाला बी दिलंय."

बाबांनी पुन्हा डोळे मिटले आणि तिचं नाव घेतलं.

पुढे यजमान बरे होऊन आले, शाळा भरली, मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. बाबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या उन्हाळ्याचा फुफाटा, बायकांचं हसणं, सुकडीचा गोडसर वास आठवला की अजून जीव तिकडे ओढ घेतो. आपल्याला कुठल्या मळ्यात आणि दिवसाच्या कुठल्या प्रहरी बोलवायचं, हे त्या धन्याने ठरवायचं. आपण हाकेच्या टप्प्यात उभं राहायचं. मला त्याने बोलावलं, याबद्दल त्याचे उपकार मी कसे फेडू?