मेश्रामकाकांनी पुन्हा पाहिलेल्या स्लाइड

सुदर्शन मेश्राम मायक्रोस्कोप दुरुस्त करायचे. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीजवळच्या खेड्यातून ते एकोणिसाव्या वर्षी पुण्यात आले आणि शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात भिंगं पुसायला लागले. पुढच्या पस्तीस वर्षांत शहरातल्या कितीतरी लहान लॅबमधली यंत्रं त्यांच्या हाताखालून गेली. येरवड्यात दोन खोल्या, बायको कौशल्या, आणि लग्न होऊन नागपूरला गेलेली मुलगी, एवढा संसार. बोलणं कमी. पुण्यात आयुष्य गेलं तरी ‘का’ऐवजी ‘काहून’ मात्र सुटलं नव्हतं.

मी मार्केट यार्डाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब शुभंकर सरांची. सर हुशार, आणि तिरकस बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. थुंकीच्या तपासणीसाठी त्यांनी नवी पद्धत सुरू केली होती. मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवलेला. मी स्लाइड रंगवायची, स्क्रीनवर बघून वीस फोटो काढायचे आणि ते मुंबईच्या एका डॉक्टरांना पाठवायचे. रिपोर्ट ते द्यायचे. टीबीचे जंतू असतील तर निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. दिवसाला चाळीसेक नमुने असायचे, त्यात रक्त, लघवी, सगळंच. आयपीसला डोळा लावून निवांत बघत बसायला मला वेळ नसायचा.

दसऱ्याच्या सुमारास लॅब तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर गेली आणि त्यानंतर स्क्रीनवरचं चित्र काळवंडलं. मी दिव्याचं बटण पूर्ण फिरवलं, फरक नाही. सरांना सांगितलं.

“सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेस नावाची गोष्ट असते, पूर्वा. ती वाढवायला आपण इंजिनियर बोलवायचा का?”

मी वाढवली. चित्र उजळलं, पण वाळू पसरल्यासारखं खरखरीत दिसायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी काही तक्रार केली नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

जानेवारीत एके दिवशी स्क्रीनवर जवळजवळ काहीच दिसेना, तेव्हा कुठे मेश्रामकाकांना बोलावणं गेलं.

ते स्क्रीनकडे बघायलाच तयार नव्हते. आधी आयपीसला डोळा लावला. म्हणाले, “इथं तर लख्ख उजेड आहे. म्हणजे दिवा ठीक. खालचं भिंग ठीक.” तरी त्यांनी खालून वर एकेक गोष्ट पाहिली. प्रकाशाचा पडदा किती उघडा आहे, मध्ये एखादी रंगीत काच राहिली आहे का, कॅमेऱ्याकडे प्रकाश वळवणारी दांडी पूर्ण बाहेर येते का. दांडी येत होती. मग कॅमेरा उतरवून त्याच्या जागी पांढरा कागद धरला. कागदावर गोल ठिपका पडायला हवा होता. पडली ती कडेला एक फिकट कोर.

“आतलं प्रिझम सरकलंय,” ते म्हणाले. “मशीन कधी हलवली होती?”

“दसऱ्याला. हमालांनी उचलून वर आणली.”

“चिकटवलेला डिंक तेव्हाच सुटला असेल. कॅमेऱ्याला चौथा हिस्साही उजेड मिळत नव्हता. तू सॉफ्टवेअरमधून नुसता अंधार फुगवत होतीस, बेटा.”

दोन तासांत त्यांनी प्रिझम जागेवर बसवलं आणि कॅमेऱ्याची बुरशी धरलेली काच पुसली. सेटिंग मूळ जागी आणली. मग चाचणीसाठी एखादी जुनी स्लाइड मागितली. मी डब्यातून हाताला लागली ती डिसेंबरमधली दिली. स्क्रीनवर स्वच्छ निळं चित्र आलं आणि त्यात लाल काड्या होत्या. एक नाही, दोन नाही, सगळीकडे.

“हिचा रिपोर्ट काय गेला होता?”

मी संगणकात नंबर टाकला. ‘जंतू आढळले नाहीत.’

मेश्रामकाका खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. “दसऱ्यापासूनचे किती?”

“थुंकीचे त्रेसष्ट.”

ते तसेच सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. सगळे नमुने पुन्हा तपासायला हवेत, असं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

“मेश्राम, तुम्हाला उजेड बघायला बोलावलं होतं. रोग बघायला नाही. सर्व्हिस रिपोर्टवर लिहा, दिवा बदलला.”

“दिवा नाही बदलला, सर. काहून लिहू?”

त्यांनी काय झालं होतं ते लिहिलं. शेवटी एक ओळ जोडली, की ऑक्टोबरपासूनच्या फोटोंवर भरवसा ठेवू नये. सरांनी कागद घेतला, सही केली नाही आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

रविवारी लॅब बंद असायची आणि किल्ली माझ्याकडे असायची. दुपारी मेश्रामकाका आले. आम्ही शेजारीशेजारी बसून त्रेसष्टच्या त्रेसष्ट स्लाइड डोळ्यांनी पाहिल्या. रिपोर्टवर सही करायचा अधिकार आम्हा दोघांनाही नव्हता, पण लाल काडी ओळखायला सही लागत नाही. चार स्लाइडवर जंतू सापडले. चौघांचेही रिपोर्ट ‘जंतू आढळले नाहीत’ असेच गेले होते. मी रजिस्टरमधून नावं, पत्ते, फोन एका कागदावर उतरवून दिले.

“मी पण येते,” मी म्हणाले.

“तुझी नोकरी आहे. मी जातो.”

पहिल्या माणसाने दुसरीकडे तपासून औषधं सुरू केली होती. दुसरी हिंजवडीच्या होस्टेलमध्ये राहणारी मुलगी. ती फोनवर रडली आणि त्याच दिवशी दवाखान्यात गेली. तिसऱ्याचा फोन बंद होता, खोलीला कुलूप होतं. खोली सोडून गावी गेला एवढंच शेजारी म्हणाले. कुठल्या गावी, कुणाला माहीत नव्हतं.

चौथी सोजरबाई. मार्केट यार्डात कांदा निवडायची. तिचा मुलगा संपत तिथेच हमाल होता. त्या घरी काय झालं ते मेश्रामकाकांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

सोजरबाई खाटेवर होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. तिच्या कुशीत चार वर्षांची नात झोपली होती. मेश्रामकाकांनी आधी पोरीला उचलून बाहेर दिलं आणि मग सांगितलं. संपतने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रिपोर्ट काढला.

“हे बघा की. टीबी नाय म्हणून लिवलंय. म्हणून तर आमी खोकल्याचीच औषधं दिली दोन महिने.”

“रिपोर्ट चुकला. मशीनमध्ये दोष होता.”

“मग आमाला कुनी सांगितलं का नाय?”

संपतने मेश्रामकाकांची कॉलर धरली. बायकोने ओढून बाजूला केला तेव्हा सोडली. नंतर संपतने आणि त्यांनी मिळून म्हातारीला रिक्षात बसवलं. महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरने त्याच दिवशी औषधं सुरू केली, घरच्यांनाही तपासलं, नातीला गोळ्या दिल्या. सोजरबाई त्यानंतर एकोणीस दिवस जगली.

तेरावं झाल्यावर संपत तो रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आला. त्याने आरडाओरडा केला नाही. बाकावर बसून राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक पेशंटला रिपोर्ट दाखवत राहिला. संध्याकाळी सरांनी त्याला केबिनमध्ये नेलं. आत काय ठरलं ते मला कळलं नाही. तो पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं.

“पेशंटची नावं त्या मेश्रामला कुणी दिली?”

माझ्या घरी तेव्हा बाबांचं डायलिसिस चालू होतं. मी हे कारण म्हणून सांगते आहे, पण त्या क्षणी मला बाबा आठवले नव्हते. फक्त सरांचा चेहरा दिसत होता.

“मला माहीत नाही, सर. मशीन दुरुस्त करताना त्यांनीच रजिस्टर बघितलं असेल.”

सरांनी मान हलवली. आठवड्याभरात ओळखीच्या सगळ्या लॅबमध्ये बातमी पोचली, की मेश्राम पेशंटची गुपितं बाहेर नेतो, घरी जाऊन लोकांना भडकवतो. पस्तीस वर्षांची गिऱ्हाइकं दोन महिन्यांत गेली. कुणी भांडलं नाही, कुणी जाब विचारला नाही. फोन यायचे थांबले, एवढंच. त्यांनी एक-दोघांना स्वतःहून फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “सध्या सगळं नीट चालू आहे, काका. लागलं तर सांगतो.”

त्या त्रेसष्ट जणांपैकी कुणालाही लॅबने काहीही कळवलं नाही. स्लाइडचा डबा सरांनी मार्चमध्ये नष्ट करायला लावला. तो कचऱ्याच्या पिशवीत मीच भरला.

वर्षभराने मी ती लॅब सोडली. त्यानंतर एका सकाळी येरवड्याला मेश्रामकाकांच्या घरी गेले. ते जेवत होते. आता ते हिंजवडीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होते. सर्किटच्या पाट्या मोठ्या भिंगाखाली धरायच्या आणि जोड तुटलेल्या बाजूला काढायच्या. दुपारची पाळी होती आणि कंपनीची बस चौकातून सुटायची.

मी उभी राहूनच सांगितलं. “काका, सरांनी विचारलं तेव्हा मी रजिस्टरचं तुमच्यावर ढकललं.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “रजिस्टर तुझ्याच कपाटात असायचं. मी ते बघितलं असं दुसरं कोण सांगणार?”

“मग तुम्ही कुणाला काहून सांगितलं नाही?” त्यांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

त्यांनी ताटात हात धुतला. “सांगून काय झालं असतं? दोघांचीही कामं गेली असती. तो गावी गेलेला पोरगा सापडला का कुठे?”

“नाही.”

“हं.”

त्यांनी डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. जिना उतरतानाचा त्यांचा खोकला ऐकू आला. साधाच असावा, असं मी मनाशी म्हटलं.

कौशल्याकाकूंनी ताट उचललं, जमीन पुसली. मला बस म्हणाल्या नाहीत आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. मी निघेपर्यंत त्यांनी दार मात्र उघडं धरून ठेवलं.