पहिल्या भाषणाची सवलत

आमचे भावजी दातांचे डॉक्टर. दवाखान्यात ते जन्मभर एकटेच बोलत आले, कारण समोरच्याचं तोंड त्यांनीच उघडं धरून ठेवलेलं असायचं. सरकार, हवापाणी, लोकांचे जावई, मरण, कशावरही त्यांचं मत असे आणि खुर्चीतला माणूस आ करून ते ऐकून घेई. पक्षाध्यक्षांची दाढ काढतानाही ते बोलतच होते. अध्यक्षांना माणूस आवडला. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक. भूल अजून उतरली नव्हती. थोड्याच दिवसांत भावजी वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले.

तिथे सगळ्यांचीच तोंडं मोकळी. भावजी गप्प झाले ते झालेच. मुदत संपत आली तरी कामकाजात त्यांच्या नावावर एक शब्द नव्हता. मतदान मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. मत द्यायची तिथली रीत अशी, की घंटा वाजली की सदस्यांनी उठायचं आणि दोनपैकी एका दारातून बाहेर पडायचं. डावं दार होयचं, उजवं नाहीचं. दारात एक कारकून माणसं मोजतो. कोणी कुठल्या दाराने जायचं हे पक्षाचा प्रतोद ठरवतो, आणि भावजींच्या प्रतोदाला लांबून दिसेल असं टक्कल होतं.

"आज कसला कायदा केलात?" ताई जेवताना विचारायची.

"टक्कल डावीकडे गेलं," भावजी म्हणायचे आणि भाजी वाढून घ्यायचे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला भावजींची दुसरी मुदत हवी होती, आणि ती देशसेवेसाठी नव्हे. सदस्यांना सरकारी घर मिळतं. लग्नापासून ती दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहिली होती. तिच्या ओट्यापलीकडच्या भिंतीला लागून रोग्यांचं बेसिन होतं. सरकारी घरात आल्यावर कोणी गुळण्या करून थुंकत नसताना तिने पहिल्यांदा पोळ्या लाटल्या. पक्षाची नवी यादी आता कधीही लागणार होती.

त्याच सुमारास पक्षाचं ते विधेयक आलं. सरकारी दवाखान्यात दात फुकट काढून मिळेल, पण भुलीच्या इंजेक्शनचे पैसे पडतील. मतदान दुपारी होतं आणि पक्षाची निम्मी माणसं परगावी एका पुलाची फीत कापायला गेलेली. परतीचं विमान अडकलं. तेवढ्यात घंटा झाली असती तर विधेयक पडलं असतं. मग प्रतोदाला सभागृहाची जुनी प्रथा आठवली: सदस्याच्या पहिल्या भाषणात कोणी अडथळा आणत नाही. ओरडायचं नाही, सभापतींनीही वेळ संपल्याचं सांगायचं नाही. आणि पहिलं भाषण शिल्लक असलेला प्राणी साऱ्या सभागृहात एकच होता.

"डॉक्टर, बोला," प्रतोद त्यांच्या कानाशी म्हणाला.

"बाजूने की विरुद्ध?"

"लांब. आपली माणसं दारात दिसली की बसा. पुढची मुदत पक्की समजा."

भावजींनी घरी फोन केला. आम्ही धावत प्रेक्षकांच्या सज्जात पोचलो तेव्हा ते दुधाच्या दातांवर होते. तिथून ते सुळ्यांकडे वळले. समोरचे लोक जांभया देत होते आणि त्यामुळे त्यांना चांगलाच हुरूप आला असावा.

"छान चाललंय," ताई म्हणाली. "असेच बोलत राहू देत."

मग ते भुलीवर आले. "भूल दिली नाही तर रोगी ओरडतो," ते म्हणाले, "आणि मग मला बोलता येत नाही." लोक हसले. भावजी हसले नाहीत. "दुखतं तेव्हा माणूस उरतच नाही. नुसता दात उरतो. त्याच्याशी काय बोलणार? फुकट ओरडा, गप्प राहायचं तर पैसे टाका, असं आपण म्हणतोय." ते थांबले. जिभेला काहीतरी टोचावं तसा त्यांचा चेहरा झाला. "म्हणजे हे विधेयक वाईट आहे."

प्रतोद अर्धवट उठला आणि बसला. अडवायचं कसं? सवलत त्यानेच काढून दिली होती.

"याला आवरा कोणीतरी," ताई पुटपुटली. नवऱ्याचा तिने असा एकेरी उल्लेख केलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

पूलवाले घामाघूम होऊन आत आले, तेव्हा कुठे भावजी बसले. घंटा झाली. टक्कल डावीकडे निघालं. भावजी सवयीने चार पावलं त्याच्यामागे गेले. ताईने माझा दंड धरला. मग ते वळले आणि उजव्या दाराच्या रांगेत जाऊन उभे राहिले. विरोधी पक्षाचे एक म्हातारे सदस्य कळवळून म्हणाले, "डॉक्टर, चुकलात. तुमचं दार तिकडे."

"माहितीये. जरा पुढे सरका."

विधेयक मंजूर झालं, पूलवाल्यांच्या मतांवर.

गाडीत ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही घसा बसलाय सांगून नेहमीसारखे गप्प राहिला असतात, तर पूलवाले वेळेत आले नसते. विधेयकही पडलं असतं आणि घरही राहिलं असतं."

भावजींनी याचा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हा हिशेब त्यांच्या डोक्यातच आला नव्हता.

"पण मग मला काय वाटतं ते मला कळलं कसं असतं?" ते म्हणाले.

"घरी सांगायचं होतं. मी ऐकलं असतं."

"तू कुठे गप्प बसतेस?"

यादी लागली. तीत भावजी नव्हते. सामान हलवायला मी गेलो, तर भावजी रिकाम्या खोलीत उभे राहून हमालांना भुलीचे प्रकार समजावत होते. ताई स्टुलावर चढून पडदे काढत होती.

"ताई, ते सरकारी आहेत," मी म्हणालो.

"विरुद्ध मत दे," ती म्हणाली आणि पुढच्या खिडकीकडे गेली.