ॲसिडच्या टाकीवरची पत्रिका

समस्त आप्तेष्टांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सुंदर अक्षरांनी एकदा माझी नोकरी जवळजवळ खाल्ली होती.

आज खारघरहून भाचीच्या लग्नाची पत्रिका आली. त्यावरची इंग्रजी अक्षरं पाहिली आणि माझ्या नाकात थेट ॲसिडचा वास शिरला. तीच ती! उजवीकडे डौलात झुकलेली, एक रेघ जाडजूड तर दुसरी केसाइतकी बारीक.

नव्वदच्या दशकात मी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात नवाकोरा सेफ्टी ऑफिसर होतो. आमच्या मालकांनी लेकीच्या पत्रिकेतली हीच अक्षरं धोक्याच्या पाट्यांवर चढवली. म्हणाले, "अरे, फॅक्टरीला जरा क्लास नको का?" जरा लांब गेलं की बारीक रेघा गायब व्हायच्या आणि 'डेंजर'च्या जागी नुसत्या तिरक्या काड्या उरायच्या.

अशात सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर गेटवर हजर! पाट्या नापास झाल्या तर प्लांट बंद आणि सगळ्यांत आधी मी घरी. जाड मार्कर घेऊन मी ॲसिडच्या टाकीवरच्या पाटीपाशी धावलो आणि त्या केसासारख्या रेघा गिरवू लागलो. घाईघाईत मार्कर घसरला आणि पहिल्याच अक्षराला वेलबुट्टी फुटली. ती पुसायला गेलो तर आणखी फुलली. आज हसतो, तेव्हा रडायचा बाकी होतो. तेवढ्यात मागे बूट वाजले.

इन्स्पेक्टरसाहेब पाटीकडे बघत राहिले, मग खालच्या टाकीकडे, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, आधी कळवायचं ना, आहेर आणला असता!"