निघालेल्या ट्रकला थांबवणारे अण्णा

त्या काळी मी बंगळुरात एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. आईला पाहून चार वर्षं झाली होती. दर पत्रात "यंदा नक्की येतो" लिहायचो आणि वर्ष सरून जायचं. कुणी नऊवारीतली म्हातारी दिसली की आईच वाटायची. देव आपलं ऐकतो की नाही, अशीही शंका येऊ लागली होती.

एके दिवशी गावाहून, निपाणीहून तार आली, आई अंथरुणाला खिळली आहे. मालकानं त्याच बाजूचा माल दिला. निघताना बसवनगुडीत टेकडीवरच्या नंदीच्या देवळात गेलो आणि त्याच्या पायाशी डोकं ठेवून आईची भेट मागितली.

खाली आलो तर ट्रकच्या पुढच्या चाकापाशी एक वयस्क गृहस्थ वाकले होते. कपाळावर भस्म, बोटांवर तेलाचे जुने डाग. "स्वल्प थांबा," ते कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "तुम्ही येताना पाहिलं. खड्डा मागे पडला तरी गाडी डोलतच होती. टायर जागोजागी झिजलाय, शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल झिरपतंय. हादरे झेलायची त्यांची ताकद संपलीय. जोरात ब्रेक मारलात तर गाडी हातात राहणार नाही."

खरं तर महिनाभर मलाही ते जाणवत होतं. मी डोळेझाक केली होती. "अण्णा, आई वाट बघतेय. परत आल्यावर बदलतो."

"आईकडे पोचायचंय, की नुसतं निघायचंय?"

मी चावी त्यांच्या हातात दिली. त्यांचं गॅरेज शेजारच्याच गल्लीत होतं. टायर आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलून होईपर्यंत तो अख्खा दिवस मी तिथल्या बाकावर काढला, मनातून देवावर रुसून.

पहाटे निघालो. चित्रदुर्गाच्या अलीकडे वळणावर अचानक बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला. भरलेला ट्रक पुढे दबला, पण सरळच राहिला आणि गाडीवानापासून दोन हातांवर थांबला. मी उतरून रस्त्याच्या कडेला बसलो.

घरी पोचलो तेव्हा आईनं मला ओळखलं. चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "वाळलास रे." चार दिवस ती मला लाभली. पाचव्या दिवशी माझ्या हातून पाणी पिऊन गेली.

परतल्यावर अण्णांच्या पाया पडलो. त्यांना मी आठवतही नव्हतो. "रोज गाड्या येतात," म्हणाले आणि कामाला लागले. देव कुणाच्या हातून काम करवतो, हे त्या हातालाही ठाऊक नसावं.

आईची ओढ अजून गेलेली नाही. निपाणीच्या रस्त्याला लागलो की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होतो. मग मी तो थोडा उचलतो आणि पुढचं देवावर सोडतो.