सगळे स्वार हरणीवर

सोमाभाऊंची आणि माझी ओळख झाली ती शिशाच्या शिपायांमुळे. मी तेव्हा भगूरला राहायचे. पावसाळ्याआधी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची, आणि उरलेलं वर्ष मिळेल ते रंगकाम. साल चौऱ्याण्णव असावं. देवळाली कॅम्पातले मेजर पिंगळे कारखान्यात येऊन विचारून गेले, "बारीक ब्रश चालवणारं कोणी आहे का तुमच्याकडे?" मालकाने मला पाठवलं.

मेजर तोफखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफा नव्हताच. खोलीभर एकच टेबल. त्यावर लाकडाच्या भुश्शाच्या टेकड्या, निळ्या रंगाची नदी, काड्यापेट्यांची घरं, आणि त्यात तर्जनीच्या दीड पेराएवढे शिपाई. रविवारी त्यांचे दोन जुने सहकारी यायचे आणि तिघं मिळून पट्टीने अंतर मोजत, फासे टाकत, जुन्या लढाया पुन्हा लढायचे. साठी उलटलेली माणसं, पण एखादी पलटण कापली गेली की ज्याची गेली तो जेवणावर राग काढायचा. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मग मेजरांनी एक शिपाई माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या कोटाला बटणं होती. माझं हसू थांबलं.

हे शिपाई विलायतेहून टपालाने यायचे. फ्रेंच, इंग्रज, रशियन, जो हवा तो मिळायचा. मराठे मात्र मेजरांना कुठेच सापडेनात. त्यांच्या मनात निजामाविरुद्धची पालखेडची लढाई होती. "धरणाचं पालखेड नव्हे, वैजापूरकडचं," हे ते प्रत्येकाला बजावायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, आपले मराठे आपणच ओतायचे. इंग्लंडातल्या एका दुकानदाराशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तो म्हणाला, बनवा, मी विकायला ठेवतो, पण घोडेस्वार हवेत.

पायदळ मेजरांनी स्वतः घडवलं. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एम-सीलचा लेप, आणि तो ओला असतानाच सुईने काढलेले पागोट्याचे पेच. पण पालखेडात सगळी घोडदौड, आणि घोडा काही त्यांच्या हाताला येईना. "मोहिनी, हा कुत्रा दिसतो ना?" ते मला विचारायचे. मी गप्प बसले की स्वतःच मोडून टाकायचे.

ओतकाम सातपूरला व्हायचं, ओळखीच्या एका माणसाच्या छोट्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीच्या दिवशी. तिथे भट्टीवर सोमाभाऊ होते. चाळिशीचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. कथील आणि शिसं वितळवायचं, रबराच्या साच्याला आतून टाल्कम पावडर फासायची, दोन्ही अर्धी जुळवून बांधायची आणि पळीने धार सोडायची. धार सोडताना ते जिभेने टाळूवर हलकेच 'च्यक् च्यक्' करायचे. मी एकदा विचारलं, "सोमाभाऊ, हे काय?"

ते ओशाळले. "सवय हाय, ताई. टांगा हाकायचो ना मी. नाशिकरोड टेसन ते कॅम्प."

त्या दिवशी मेजरांनी आणखी एक फसलेला घोडा टेबलावर आपटला होता. सोमाभाऊंनी तो उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत ठेवला. पण पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

आत घोडा होता. डोकं जरा मोठं, पोट ओबडधोबड, शेपूट तर नुसती वळकटी. पण तो उभा होता. एक मागचा पाय सैल सोडून, सगळा भार दुसऱ्यावर टाकून, कान किंचित मागे करून, गिऱ्हाइकाची वाट बघत तासभर उभा असलेला घोडा जसा उभा राहतो तसा.

मेजरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, "कुठे शिकलास?"

"शिकलो कुठं, साहेब. पोळ्याला पोरं मातीचे बैल करायची, मी घोडा करायचो. तेवढंच."

तो पहिला घोडा साच्यात टिकला नाही. पाय बारीक, धातू खुरापर्यंत पोचेचना, आणि पोचला तर बाहेर काढताना मोडायचा. मेजरांनी मग हळूहळू शिकवलं. पायाखाली दगड नाहीतर गवताचा झुपका कसा द्यायचा, हवा निघायला साच्यात बारीक चर कुठे पाडायचा, मान कुठल्या बाजूला वळवली म्हणजे साच्यात अडकत नाही. सोमाभाऊ ऐकायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. मेजर चिडायचे, सोमाभाऊ कधीच नाही. त्या वर्षाच्या दसऱ्याला चार घोडे तयार झाले: उभा, चालता, दुडकी चालणारा आणि चौखूर उधळलेला. त्यांवर बसणारे स्वार मेजरांचे. भाला घेतलेला, तलवार उपसलेला, एक मागे वळून पाहणारा.

नमुन्याचा संच रंगवायला माझ्याकडे आला. इंग्लंडला त्याचे फोटो जायचे होते. सोमाभाऊ खास भगूरला आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "ताई, एक सांगू का? घोडा तांबूस काळपट रंगवा. आणि मागचा डावा पाय तेवढा पांढरा ठेवा."

"कुठल्या घोड्याचा?"

"सगळ्यांचा."

मी ब्रश खाली ठेवला. मग त्यांनी हरणीचं सांगितलं.

हरणी त्यांची टांग्याची घोडी. एकच पाय पांढरा असलेलं जनावर अशुभ म्हणून कोणी घेईना, ती सोमाभाऊंच्या वडलांनी शिंगरू असताना आणली. पुढे वडील गेले, टांगा सोमाभाऊंकडे आला. सॅनिटोरियमला येणाऱ्या गुजराती बायका तिला केळी द्यायच्या. रेल्वेची शिटी झाली की ती आपणहून पुढे सरायची, आणि कॅम्पाच्या चढाला सोमाभाऊ खाली उतरून चालले की मान वळवून बघायची. मग सहा आसनी रिक्षा आल्या. स्टेशनाबाहेरचे टांगे एकेक करत कमी झाले. सोमाभाऊंना सातपूरला भट्टीचं काम मिळालं, पाळीचं काम. घोडी दारात बांधलेली. फिरवायला कोणी नाही. उभी राहून राहून तिचे पाय सुजायला लागले.

"सखू म्हणली, ही उभ्याउभ्या मरंल," सोमाभाऊ सांगत होते. सखू म्हणजे सखुबाई, त्यांची बायको. "खरंच व्हतं तिचं. घोटीच्या बाजारात एक यापारी भेटला. म्हणला, खानदेशाकडं नेतो, तिकडं अजून टांगे हायेत, पळंल ही. म्हणून दिली. पळंल म्हणला म्हणून दिली, ताई."

"मग पुढे कळलं का काही?"

"तो यापारी परत घोटीला दिसलाच नाय."

मी सगळ्या घोड्यांचे मागचे डावे पाय पांढरे केले.

मेजरांना ते मीच सांगितलं. पुढच्या वेळी सोमाभाऊ आले तेव्हा मेजर म्हणाले, "तुझ्या टांग्यात मीही बसलो असेन रे कधीतरी."

सोमाभाऊंचा चेहरा उजळला. "बसला व्हता की! पाऊस व्हता, तुमच्यासंगं लोखंडी ट्रंक व्हती. चढाला तुमी सोता उतरला. हरणीला थाप मारली तुमी. आठवतंय?"

मेजर आठवत राहिले. कपाळाला आठ्या घालून, खिडकीबाहेर बघत. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "नाही आठवत, सोमा. ट्रंक आठवते. घोडी नाही आठवत."

"असू द्या," सोमाभाऊ म्हणाले. पण त्या दिवशी ते लवकर गेले.

आमचा माल छोटा होता, पण चालला. इंग्लंडचा दुकानदार लिहायचा की हे बुटके, काटक घोडे लोकांना आवडतात. वर्षाला दोन-तीन खोकी जायची. सोमाभाऊ रोज पाळी संपवून घरी आले की ओसरीवर बसून घोडे घासायचे. साच्याच्या जोडावर पापुद्र्यासारखी कड येते, ती कानशीने काढायची. सखुबाई कुरकुरायच्या, पण घोडे डब्यात भरताना त्यांना कापूस त्याच लावायच्या.

मग मेजरांना निजामाचं घोडदळ हवं झालं. त्याशिवाय लढाई कशी व्हायची? "ते घोडे वेगळे, सोमा. उंच, अरबी-इराणी. मान कमानदार." त्यांनी चित्रं दिली. सोमाभाऊंनी दोन महिने घेतले आणि घोडे आणले. ते उंच होते, त्यांच्यावर झूल होती, मान कमानदार होती. पण एक पाय सैल सोडलेला, आणि कान मागे.

मेजर हसायला लागले. "अरे, ही निजामाकडे कशी गेली?"

सोमाभाऊही हसले. "काय करू, साहेब? बोटं दुसरीकडं जातच नाय."

तेव्हापासून आमच्या टेबलावर दोन्ही सैन्यं हरणीवर बसून लढली. कोणीही जिंकलं तरी सोमाभाऊंना सारखंच.

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांची मोठी जत्रा भरते. खानदेशातलं घोडं कधी ना कधी तिथे येणारच, असं कोणीतरी सांगितल्यापासून सोमाभाऊ दर वर्षी जायचे. दोन हजार एक साली मी आणि सखुबाईही बरोबर गेलो. मला मारवाडी घोडे बघायचे होते, वळलेल्या कानांचे. सोमाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जत्रेच्या कडेला, जिथे गरीब माणसं आपली ओझ्याची, टांग्याची जनावरं घेऊन बसतात, तिकडे ते सरळ गेले. रांगेने चालत जायचे, प्रत्येक तांबूस घोडीपाशी थांबायचे, 'च्यक् च्यक्' करायचे आणि कान बघायचे.

एका घोडीने मान वर केली. मागचा पाय पांढरा होता. सोमाभाऊ जागच्या जागी थबकले. सखुबाईंनी माझा हात घट्ट धरला. पांढरा पाय उजवा होता.

घोडीचा मालक एक म्हातारा, उकिडवा बसून भाकरी खात होता. "घेवानी शे का?" त्याने विचारलं. घ्यायची आहे का, असं.

"नाय बाबा. बघतोय नुसती."

"मंग दखा ना. दखाले पैसा नही लागत," म्हातारा म्हणाला आणि सरकून त्याने जागा दिली.

सोमाभाऊ त्याच्याशेजारी बसले. खिशातला गूळ काढून घोडीला दिला. तिचे दात पाहिले. म्हातारा म्हणाला, आठ वर्षांची आहे. सोमाभाऊ म्हणाले, "माझीवाली असती तर बावीस-तेवीसची असती." म्हाताऱ्याने भाकरी चावता चावता त्यांच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची टांग्याची घोडी जत्रेत कोण आणणार, हे त्या दोघांनाही माहीत होतं. अर्धी भाकरी मोडून म्हाताऱ्याने सोमाभाऊंच्या हातावर ठेवली.

परतीच्या गाडीत सोमाभाऊ खिडकीला डोकं टेकून बसले होते. सखुबाई मला हळूच म्हणाल्या, "मीच म्हणले व्हते ना, उभ्याउभ्या मरंल. कुठं तरी पळली आसंल, आसं म्हणायचं आता."

त्या हिवाळ्यात सोमाभाऊंनी एकच घोडा घडवला. फार दिवस लागले. खोगीर नाही, लगाम नाही, मान खाली घालून चरणारी घोडी. मेजरांनी भिंगातून पाहिली. सोमाभाऊंच्या सगळ्या कामात ती उजवी होती.

"सोमा, हिच्यावर स्वार कसा बसवायचा?"

"नाय बसवायचा, साहेब."

"लढाईत काय करणार ही?"

"काय नाय. चरंल."

मेजरांनी ती इंग्लंडला पाठवली. चार-दोन विकल्या गेल्या असतील, तेवढ्याच. पण आपल्या टेबलावर नदीकाठी, काड्यापेट्यांच्या गावाच्या मागे त्यांनी एक ठेवली. तिघं म्हातारे कितीही भांडले, तोफा कुठेही डागल्या, तरी तिच्या आसपासच्या वीतभर जागेत कोणी सैन्य घालायचं नाही असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मला हे सोमाभाऊंनीच अभिमानाने सांगितलं.

दोन हजार पाचच्या सुमारास मेजरांना त्यांची मुलगी बडोद्याला घेऊन गेली. गुडघे गेले होते, एकट्याने राहणं होईना. तिकडच्या फ्लॅटात टेबल मावणारं नव्हतं. इंग्लंडच्या दुकानदारानेही दुकान बंद केलं. साचे सोमाभाऊंकडे आले, पण रबर किती दिवस टिकणार? ओतून ओतून त्यांच्या कडा फाटल्या, घोड्यांचे कान गोल यायला लागले. नवे साचे करायला चांगलं रबर लागतं, मोठी ऑर्डर लागते. दोन्ही नव्हतं. मी पुन्हा गणपतींकडे वळले. अधूनमधून बडोद्याहून मेजरांचा फोन यायचा. माझी चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "सोमा काही करतोय का?"

करत नव्हते. वर्कशॉपचं काम सुटल्यावर ते एका नर्सरीत रोपांना पाणी घालायला जायचे. बोटं सुजलेली, सुई धरवत नव्हती.

शेवटचे भेटले ते नाशिकच्या बस स्टँडवर, मार्गशीर्षातल्या एका सकाळी. खांद्याला पिशवी, डोक्याला मफलर. सखुबाई पोचवायला आल्या होत्या.

"कुठे निघालात, सोमाभाऊ?"

"सारंगखेड्याला."

"अजून जाता?"

"हरणी आता कुठली, ताई," ते समजुतीने म्हणाले. जणू मीच तिची वाट बघत होते. "तिला जाऊन लय वरसं झाली असतील. पण तिथं गेलं का घोड्यांचा वास येतो. इथं कुठं येतो आता?"

सखुबाईंनी पदराने तोंड पुसलं. "आन परत आल्यावर सदरा धुवू देत नाय मला," त्या म्हणाल्या. "आठ-आठ दिस खुंटीला तसाच."

"घाण असतो का तो?" सोमाभाऊ म्हणाले.

"मी कुठं म्हणले घाण?"

धुळ्याची गाडी लागली. ते चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. सखुबाईंनी खालून भाकरीची पुरचुंडी वर दिली आणि म्हणाल्या, "दोन जास्तीच्या हायेत. कोणी शेजारी बसलं तर द्या."